सुप्याची पेठ: शेटे, पाटील, कुलकर्णी आणि १८७५चा तो बुधवार

जिरायती:
आधीच सांगतो, हा धागा पारनेर तालुक्यातल्या एमआयडीसीवाल्या सुप्याचा नाही. मोरगावहून चौफुल्याला जाताना लागतं ते, बारामती तालुक्यातलं सुपे. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे हेच.

या गावाचं नाव शाळेत एकदाच येतं. 'दख्खनचे दंगे, १२ मे १८७५, सुपे येथे सुरुवात.' दोन मार्कांची टीप, की संपलं. शेतकरी चिडले, मारवाडी-गुजर सावकारांच्या वह्या जाळल्या, सरकारने आयोग नेमला. मला त्या टीपेच्या आधीचं कुतूहल आहे. ज्या पेठेत हे घडलं ती पेठ चालत कशी होती? दुकानदार कोण, त्यांच्यावर देखरेख कोणाची, आणि पाटील-कुलकर्ण्यांचं त्यांच्याशी कसं जमायचं?

सुपे हा परगण्याचा कसबा, म्हणजे परगण्याचं मुख्य गाव. नुसतं मौजे, म्हणजे साधं खेडं, असतं तर पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार एवढ्यावर भागलं असतं. कसब्याला पेठ असते आणि पेठेला वेगळे वतनदार लागतात: शेटे आणि महाजन. गावाला जसा पाटील तसा पेठेला शेटे. नवे व्यापारी आणून वसवणं, बाजार भरता ठेवणं आणि दुकानदारांकडून मोहतर्फा (धंद्यावरचा कर) गोळा व्हायला हातभार लावणं हे त्याचं काम. महाजन त्याच्या जोडीला. दोघंही वतनदार, म्हणजे काम बापाकडून मुलाकडे, आणि कामाबरोबर हक्क आणि मानपानही. पेठ नवी बसवायची असली की सरकार कौल द्यायचं: इतकी वर्षं कर माफ, या आणि दुकान मांडा. व्यापारी काही आपसूक येत नव्हते, त्यांना बोलावून आणावं लागे. शिवकाळात काय नि पेशवाईत काय, सावकार-उदमी राज्यात राहिले पाहिजेत याची काळजी राज्यकर्त्यांना होतीच. अडीअडचणीला पैसा त्यांच्याकडूनच उचलायचा होता ना!

पाटलाला तर सावकाराशिवाय गत्यंतरच नव्हतं. सारा ठरायचा गावाच्या नावावर आणि कबुलायत, म्हणजे तो भरण्याची लेखी हमी, पाटलाने द्यायची. पीक हातात यायच्या आत हप्ता भरायची वेळ आली की पेठेतला सावकार पैसे पुढे करायचा आणि सुगीला धान्यातून वळते करून घ्यायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने जाऊ लागल्या, म्हणजे वसुलीचे ठेके दिले जाऊ लागले, तेव्हा तर मक्तेदाराच्या मागे सावकार, सावकाराच्या मागे मोठा सावकार, अशी साखळीच झाली. पण सावकाराची वसुलीही पाटलाच्या मर्जीवर होती. गावात पाटील फिरला तर कुळाच्या दारात उभं राहण्याची त्याची हिंमत नव्हती. मला वाटतं, १८१८ नंतर नेमका हाच सांधा निखळला. रयतवारीत सारा एकेका शेतकऱ्याच्या डोक्यावर आला, दिवाणी कोर्टं आली, आणि सावकाराला वसुलीसाठी पाटलाची गरज उरली नाही. शिक्क्याचा कागद आणि बेलिफ पुरे झाला.

१२ मे १८७५ हा बुधवार, बाजारचा दिवस. आसपासच्या वाड्यावस्त्यांतली माणसं जमली आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. वह्या, खतं (कर्जाचे लेखी कागद), रोखे बाहेर काढून पेटवले. धान्य आणि कापड लुटलं. तिथून लोण भीमथडी, इंदापूर, शिरूरकडे आणि पुढे नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत गेलं. आयोगाच्या अहवालातली एक नोंद मला फार बोलकी वाटते. बहुतेक ठिकाणी सावकाराने कागद मुकाट्याने दिले की जमाव त्याला हात न लावता परत गेला. मारहाण आणि आगी झाल्या त्या मुख्यतः जिथे त्याने दार लावून घेतलं तिथे.

कोणाकडे सुप्याची, किंवा अशा कुठल्याही लहान पेठेची माहिती असेल तर लिहा. घरातल्या ऐकीव गोष्टीही चालतील, फक्त 'ऐकीव' असं म्हणा.

बाकरवडी:
मस्त धागा. वाचनखूण साठवली. सुपे म्हटल्यावर शिवाजी महाराजांचे सावत्र मामा, संभाजी मोहिते आठवले. बखरीत आहे, महाराज शिमग्याचं पोस्त (सणाची बक्षिसी) मागायला म्हणून गेले, मामांना कैद केलं आणि तीनशे घोड्यांची पागा ताब्यात घेतली. सुप्यात सणाला येणाऱ्या पाहुण्यांपासून सावध राहिलेलं बरं. :)

तागडी:
शेटे-महाजनांबद्दल थोडी भर.

हक्क-लाजिमा, म्हणजे वतनदाराला मिळणारं उत्पन्न आणि मान, प्रत्यक्षात काय, ते पाहायला मजा येते. तेल्याने तेल द्यायचं, तांबोळ्याने पानं, वाण्याने सुपारी, आणि बाजारात धान्य घेऊन बसणाऱ्यांकडून फसकी. फसकी म्हणजे मूठभर धान्य. एका मुठीने कोणाचं काय जातं असं वाटतं, पण बाजारात पन्नास पोती उतरली की संध्याकाळपर्यंत शेट्याच्या घरी पायल्या मोजायला बसावं लागायचं. आणि मूठ कोणाची, तर घेणाऱ्याची! यावरून तंटे व्हायचे ते वेगळेच. बाजारातली मापं खरी आहेत ना, शेर शेराएवढाच आहे ना, हे पाहणं हाही या मंडळींच्याच जबाबदारीचा भाग होता. म्हणजे ज्याला मूठ मिळायची त्यानेच माप तपासायचं. आजच्या भाषेत हितसंबंधांचा घोटाळा म्हणतील, तेव्हा वतन म्हणत.

दुसरं, या लोकांना गोतसभेत, म्हणजे वतनदार-बलुतेदारांच्या न्यायसभेत, बसायचा मान होता. वतनाचा वाद आला की पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार, सगळे जमायचे. निवाड्याचा महजर (निकालपत्र) व्हायचा आणि खाली प्रत्येकाची निशाणी. अक्षरशत्रू असणं हा कमीपणा नव्हता. पाटलाची निशाणी नांगर, पेठेच्या शेट्याची तराजू, न्हाव्याचा आरसा. मोडी मजकुराखाली ओळीने ही छोटी छोटी चित्रं काढलेली असतात. माझ्या पाहण्यात एका महजराची छायाप्रत आली होती, तिच्यातल्या तराजूची दोन पारडी अजिबात सारखी नव्हती. बोरूने घाईत काढला असेल, पण शेट्याचीच तागडी कललेली पाहून हसू आवरेना. माझा आयडी तिथूनच आलाय.

आणि हो, या वतनांवर लोक जीव टाकायचे. उत्पन्नापेक्षा मानाचं जास्त. विडा आधी कोणाला, शिमग्याला पहिली पोळी कोणाची, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालली आणि प्रकरण दिव्यापर्यंत, म्हणजे खरंखोटं ठरवायच्या अग्निपरीक्षेपर्यंत, गेल्याचीही उदाहरणं आहेत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून ठेवायचा, काही दिवसांनी उघडून पाहायचा. हात शाबूत असला तर वतन तुमचं.

मोगरीवाली:
>>मूठ कोणाची, तर घेणाऱ्याची!
हे फार आवडलं. आमच्याकडे आठवडी बाजारात पावती फाडणारा अजून कोथिंबिरीची जुडी उचलून जातो, त्याचं मूळ इथे आहे तर.

कोर्टकचेरी:
धागा आवडला. 'सांधा निखळला' हेही पटलं. तो कुठून निखळला ते आकड्यांत मांडून पाहतो, कारण 'अवाच्या सवा व्याज' म्हटल्याने काहीच कळत नाही.

जुना नियम दामदुपटीचा. व्याज कितीही साचलं तरी एका वेळी मुद्दलाएवढंच मागता यायचं. शंभराचे जास्तीत जास्त दोनशे. इंग्रजी अमलातही हिंदूंच्या व्यवहारात मुंबई इलाख्यातली कोर्टं दामदुपट मानत होती, ती गेली नव्हती. मग झालं काय? १८५९ साली मुदतीचा कायदा आला. रोख्यावर दावा करायचा तर तीन वर्षांच्या आत करा. हेतू चांगला, कर्ज वर्षानुवर्षं साचू नये हा. पण सावकाराने दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली. आणि नव्या खतात जुनं व्याज मुद्दलात!

दरमहा शेकडा दोन धरा. शंभराचे तीन वर्षांत १७२. त्याचं नवं खत. सहा वर्षांनी २९५ रुपये आणि वर काही आणे. नऊ वर्षांनी ५०८. अठरा वर्षांनी अडीच हजारांच्या वर. कागदावर दामदुपटीचा भंग एकदाही नाही, कारण प्रत्येक खत 'नवं मुद्दल' आहे. आयोगापुढे एक प्रकरण आलं होतं, त्यात शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं. हा हिशोब घातला की ते अशक्य वाटत नाही. शिवाय प्रत्येक खताला मनोती (कर्ज देतानाच कापलेली रक्कम) घ्यायची, म्हणजे हातात शंभरही नाही. धान्याचं कर्ज असेल तर सवाई-दिढी, म्हणजे घेतल्याच्या सव्वापट-दीडपट परत, ते आणखी वेगळं.

आणि दावा लागला की बहुतेक वेळा एकतर्फी हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा हुकूम). कूळ कोर्टात जातच नसे. भाकरी बांधून तालुक्याला चालत जायचं, वकील लावायचा, आणि सांगायचं काय, तर खताखालची नांगराची निशाणी माझीच आहे पण आकडा मला ठाऊक नव्हता? मुन्सफाने तरी काय करायचं, त्याच्यापुढे नोंदलेला कागद आहे.

काळी कसदार:
सगळा दोष सावकाराच्या आणि मुन्सफाच्या माथी मारून सरकारला फुकट सोडताय तुम्ही लोक. सावकाराकडे माणूस जातो का? सारा भरायला. इंदापूरची सारा ठरवायची पाहणी १८३६ची, तीस वर्षांचा करार. तो १८६७ला संपला आणि नव्या पाहणीत आकारणी दीडपटीच्या वर गेली. त्याच्या आधीची सात-आठ वर्षं पैशाची चंगळ होती. रेल्वेच्या कामावर रोजगार मिळाला, अमेरिकेतल्या यादवीने कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारही सढळ हाताने देत होता. भाव १८६५नंतर कोसळले आणि सरकारने आकारणी ठरवली ती चढ्या भावांच्या आठवणीवर! पुण्यात सार्वजनिक सभेने यावर ओरड केली ती उगाच नव्हे.

दुष्काळी पट्ट्यात ज्वारी-बाजरीवर जगणारा शेतकरी. तुमचं सुपे अजूनही जिरायतीच आहे ना? नीरा डावा कालवा आला तोही दंग्यानंतर दहा वर्षांनी, आणि पाणी गेलं खाली बारामतीकडे.

जिरायती:
@काळी कसदार, आकारणीचा मुद्दा मान्य, पण सगळा नाही. सारा हेच एकमेव कारण असतं तर जमाव कचेरीवर गेला असता. मामलेदाराच्या दप्तराला कोणी काडी लावली नाही. लोकांनी नेमकं निवडून सावकाराचं दप्तर जाळलं. त्यांना काय गिळतंय ते त्यांना बरोबर कळत होतं.

पाण्याचं म्हणाल तर हो. आमच्या आयडीत सगळं आलं.

ओसरी:
लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. आमचं घराणं अशाच एका पेठेतलं गुजर. सुप्याचं नाही, पण त्याच पट्ट्यातलं. गुजरातशी संबंध म्हणाल तर देवघरापुरता. आजीची पिढी घरातसुद्धा मराठीच बोलायची.

तुम्ही म्हणता तो 'सावकार' राहायचा कसा, ते सांगते. पुढे ओटा आणि दुकान, मधे बैठक, मागे घर. दुकानात गूळ, मीठ, मिरची, काडेपेटी, कापड, दोर. उधारीचं खातं हाच खरा धंदा. वहीला लाल कापडाचं बासन, पानाला उभ्या घड्या घालून पाडलेले सळ, वर 'श्री'. पाडव्याला नव्या वहीची पूजा. पण पूजा झाली तरी जुन्या वहीतलं मागचं येणं नव्या वहीत उतरवायचंच. आजीच्या सासऱ्यांना म्हणे गावातल्या प्रत्येक घरात लग्न कधी आहे ते मुलीच्या आईच्या आधी कळायचं. (ऐकीव.) कारण साखर आणि खण उधार न्यायला माणूस आधी इथेच यायचा.

वाईट वर्षी बी-बियाणं यांच्याच कोठारातून जायचं, हेही खरं. बुडित किती गेलं याचं खातं कोणी मांडत नाही. माझा मुद्दा असा नाही की व्याज बरोबर होतं. कोर्टकचेरींचा हिशोब वाचून मलाही कसंसंच झालं. पण आयोगाने आणखी एक गोष्ट नोंदवलीये, ती या धाग्यात कोणी काढली नाही. ज्या गावांत ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही देवघेव करत होते तिथे बहुतेक वेळा फक्त मारवाडी आणि गुजरांनाच त्रास झाला. व्याजाचा दर तर सगळ्यांचा सारखाच असणार ना? मग वही एकाचीच का जळली?

दप्तरदार:
@ओसरी, प्रश्न रास्त आहे आणि अवघडही. एक उत्तर असं की स्थानिक सावकाराला गावात सोयरसुतक होतं. त्याच्या घरी देवाचं कार्य असलं की गाव जेवायला जायचं, आणि त्यालाही गावाची भीड होती. बाहेरून आलेल्याला फक्त कागदाचा आधार. दुसरं उत्तर इतकं गोड नाही. बाहेरच्यावर हात टाकणं सोपं असतं.

आता कुलकर्ण्यांचं. आमच्या घरात कुलकर्णीपण होतं, तेव्हा घरचा आहेर समजा. खत लिहायचं कोणी? कूळ निरक्षर, सावकार बरेचदा स्वतःच्या लिपीत वही ठेवणारा. मग कागद लिहायला गावचाच लिहिता माणूस लागायचा, आणि तो बहुधा कुलकर्णी. लिखणावळ मिळायची. साक्षही तोच घालायचा. साऱ्याची पावती लिहिणारा आणि कर्जाचं खत लिहिणारा हात एकच. कोणत्या कुळाची किती ओढाताण आहे हे सावकाराला बाहेरून विचारावं लागतच नसे.

पाटलांची तऱ्हा वेगळी. १८६७च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीसपाटील ठरवून दिला, १८७४च्या वतन कायद्याने वतनाची चौकट बांधून दिली. मान राहिला, पण तंटा मिटवण्याची ताकद कोर्टात गेली. कर्जातून तेही सुटले नव्हते. शिरूर तालुक्यातलं कर्ड्याचं प्रकरण पाहा, सुप्याच्या पाच महिने आधीचं, डिसेंबर १८७४चं. काळूराम नावाच्या मारवाड्याने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि घर पाडायला काढलं. देशमुख म्हणजे जुन्या वतनदारीतलं नाव! दीडशे रुपयांपायी देशमुखाचं घर पडतं म्हटल्यावर गाव पेटलं. पण त्यांनी काठी नाही उचलली, बहिष्कार टाकला. दुकानात जायचं नाही, त्यांचं शेत कसायचं नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. जुन्या गोताचंच हत्यार, फक्त गोतसभा न बसवता वापरलेलं.

तागडी:
>>जुन्या गोताचंच हत्यार
दुसऱ्या एका बाजूनेही पाहा. जुन्या पेठेत वाणी-उदम्यांची बाजू मांडायला शेटे होता. गावाशी वाद झाला तर तो आणि पाटील समोरासमोर बसून मिटवू शकत. १८७५ला सुप्यातल्या दुकानदारांच्या वतीने गावाशी बोलेल असं कोण उरलं होतं? हक्क, मोहतर्फा, जकात सगळं उठल्यावर शेटेपण हे आडनावापुरतं राहिलं. महाजनही तसेच. आज या आडनावाच्या माणसाला विचारा तुमच्या घरात माप तपासायचं काम होतं का, तो खुळ्यासारखा बघेल.

बाकरवडी:
माझ्या वर्गात दोन शेटे होते. दोघंही उधार घ्यायचे, द्यायचे कधीच नाहीत.

काळी कसदार:
ओसरीताई, तुमचा प्रतिसाद सगळ्यांत आवडला. असहमत आहे, तरी.
दंग्यानंतर काय झालं ते कोणीतरी लिहा. शिक्षा शेतकऱ्यांनाच झाल्या ना?

कोर्टकचेरी:
धरपकड मोठी झाली, जूनपर्यंत साडेनऊशेच्या आसपास माणसं अटकेत. गावागावांत पोलिसांची ठाणी बसली. पण आयोगाच्या अहवालावरून १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी.

त्यातली कळीची गोष्ट ही की कोर्टाला खताच्या मागे जायची मुभा मिळाली. मूळ किती दिलं, व्याज किती, परत किती आलं, याचा पहिल्यापासून हिशोब काढा, शेवटच्या खतावरचा आकडा वेदवाक्य मानू नका. वर मी जी बेरीज केली ती उलटी सोडवायची सोय. हप्ते बांधून देता येऊ लागले, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, तडजोड घडवणारे नेमले गेले. आणि खतं गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढेच लिहायची असं ठरलं, म्हणजे दप्तरदारांच्या पूर्वजांची लिखणावळ गेली. न्यायमूर्ती रानडे पुढे याच कायद्याखाली खास न्यायाधीश होते.

सावकारांनी वाट काढलीच म्हणा. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचं, आणि 'पैसे आणलेस की जमीन परत' हे फक्त तोंडी. २०१४च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे जमिनी परत मागणारे अर्ज येतात, त्यांतले बरेच याच नमुन्याचे असतात.

दप्तरदार:
लिखणावळ गेली, पण कुलकर्णी वतन १९५०पर्यंत आणि मुलकी पाटीलकी १९६२पर्यंत टिकली. पोलीसपाटील तर अजून आहेच.

मोगरीवाली:
@जिरायती, सुप्याच्या पेठेचे मूळ कागद पाहायचे तर कुठे? मोडी शिकतेय, सरावाला काहीतरी पाहिजे.

जिरायती:
पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दप्तरात. परगण्यावार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, त्यात 'प्रांत सुपे' म्हणून विचारा. भारत इतिहास संशोधक मंडळातही चौकशी करा. सुरुवात महजरापासून नका करू, भाषा अवघड असते. जमाखर्चाचे कागद घ्या. तेच ते शब्द फिरून येतात, हात लवकर बसतो. आणि ओसरीताई, घरात एखादी जुनी वही उरली असेल तर तिच्या पानांचे फोटो जमल्यास टाका, नावं झाकून. सळ कसे पाडायचे ते तरी इथल्या लोकांना कळेल.

ओसरी:
आहेत दोन. एकीला वाळवी लागलीये. दुसरीचे टाकते रविवारी.